खडूची आडवी बाजू

“बाईंचं अक्षर आता कॉम्प्युटरमध्ये मिळतं म्हणे. मग त्या माउलीला रोज सकाळी कशाला उभं करायचं?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी मंडळाच्या हॉलच्या पायरीवर वाकून सँडलचा सुटलेला पट्टा लावत होते. शेजारी आईने परत करायला दिलेला स्टीलचा डबा ठेवलेला होता. बोलत होते ते बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी काका आणि ऐकत होत्या भजनाचा वर्ग घेणाऱ्या काकू. दोघं फाटकाजवळच्या काळ्या फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर बाईंनी खडूने लिहिलं होतं : ‘रविवारी सकाळी दहा वाजता सभा. वेळेवर यावे. चहा दहाला नाही, अकराला मिळेल.’

काकू म्हणाल्या, की फाटकातून जाताना पदराला खडू लागतो तो वेगळाच. काका म्हणाले, की म्हणूनच तर. एका सभासदाच्या अमेरिकेतल्या मुलाने मोठा स्क्रीन देऊ केलाय, तो फळ्याच्या जागी लावायचा. घरबसल्या मोबाइलवरून मजकूर पाठवला की फाटकात झळकला. आणि मांडवीतल्या फ्लेक्सवाल्याकडे जो फाँट आहे तो हुबेहूब बाईंच्या अक्षरासारखा, त्यामुळे लोकांना फरक कळणारसुद्धा नाही. रविवारच्या सभेत ठराव मांडला की फाइनल.

माझा पट्टा लागलेला होता. मी तो काढला आणि पुन्हा लावला. कारण तो फाँट माझा होता.

मी अक्षरं काढण्याचं काम करते. हे नातेवाइकांना सांगितलं की ते आधी चहाचा कप पुढे सरकवतात. मग कुणीतरी विचारतं, “पण अक्षरं तर आहेतच ना?” एकदा एका लग्नघरी मावशीने कौतुकाने मला पत्रिकांच्या पाकिटांवर नावं लिहायला बसवलं. माझं हस्ताक्षर भयंकर आहे. दहा पाकिटांनंतर मावशीने ती हळूच काढून घेतली आणि मला मोगरा ओवायला दिला. तेव्हापासून घरात कुणी माझ्या कामाबद्दल खोलात जात नाही, आणि मलाही ते सोयीचं आहे.

आमच्या स्टुडिओत आम्ही तिघंच : सर, माझ्यासारखीच एक मुलगी आणि मी. सर सांगतात, की फाँटच्या ढोबळ मानाने दोन जाती. एका जातीत पुस्तकातला मजकूर छापतात. तो गुणी, दबक्या पावलांचा. पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्याला त्याची आठवणही राहू नये. दुसरी जात डिस्प्लेची. दुकानाच्या पाट्या, मथळे, पाकिटं, पोस्टरं. त्याने रस्त्याच्या पलीकडून हाक मारायची असते. मी स्वतः पहिल्या जातीची आहे आणि मला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते दुसऱ्या जातीचं.

सरांना मराठी आणि गुजराती दोन्हींत चालेल असा जाड, खुशालचेंडू फाँट हवा होता, कारण बडोद्यात निम्म्या पाट्या दोन्ही लिप्यांत असतात. मी तीन आठवडे काढत बसले. प्रत्येक वेळी सर म्हणायचे, “नाइस.” सरांचं नाइस म्हणजे नाही.

मग एका सकाळी मंडळाच्या फाटकासमोर एक टेम्पो मागे घेत होते, म्हणून मी स्कूटर थांबवली. समोर बाई फळा लिहीत होत्या. बाई म्हणजे एका मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय पंचाहत्तरच्या आसपास. बारीक चणीच्या, पायात कापडी बूट. लहानपणी गणपतीतल्या स्पर्धांना यायचे तेव्हापासून तो फळा मी बघत होते. पण तो कसा लिहितात हे कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी खडूचे तीन तुकडे केले. एक पायरीच्या दगडावर घासून त्याची बाजू सपाट केली, पाण्याच्या वाटीत बुडवला आणि आडवा धरून लिहायला सुरुवात केली. आडव्या खडूने उभी रेघ खडूएवढी रुंद येते आणि आडवी रेघ केसासारखी. त्यामुळे त्यांच्या ‘ल’ला, ‘क’ला, ‘ळ’ला अशी गुबगुबीत पोटं सुटायची, की अक्षरं आत्ताच जेवून उठलीत असं वाटावं. ओल्या खडूने लिहिलेलं लगेच दिसत नाही. वाळत जातं तसतसं उजळत येतं. म्हणजे बाई न दिसणाऱ्या अक्षरांच्या शेजारी पुढची अक्षरं लावत जात, आणि अंतर कुठे चुकत नसे.

आधी त्या पूर्ण ओळीची नुसती शरीरं काढायच्या, वरची रेघ न देता. तोवर फळा गुजराती दिसतो. समोरचा डेअरीवाला गल्ल्यावरून मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करतो. मग बाई खडूचं टोक धरून वरची रेघ ओढतात, फळा मराठी होतो आणि डेअरीवाला नाद सोडतो. रेघेवरच्या मात्रा सगळ्यांत शेवटी.

टेम्पो केव्हाच गेला होता आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

त्यानंतर आठ महिने मी रोज सकाळी त्या फळ्याचे फोटो काढले. बडोद्यातल्या मुली स्कूटरवर निघताना ओढणीने तोंड असं बांधतात, की सख्खी आई ओळखणार नाही. लोक म्हणतात उन्हासाठी. मी थंडीतही बांधते. तसं बांधून मी डेअरीसमोर उभी राहायचे, दुधाची पिशवी घ्यायचे आणि सुट्टे शोधतेय असं दाखवत मोबाइल वर करायचे. घरी दूध साठू लागलं. आईने दही लावलं, पनीर केलं, दोनदा बासुंदी केली. मग एक दिवस तिने विळी बाजूला ठेवून विचारलं, “तुझं त्या डेअरीवाल्याशी काही आहे का?” डेअरीवाला साठीचा आहे.

बाईंचा फळा वाचायलाही मजा यायची. वर ‘सुविचार’ असं लिहून खाली त्या स्वतःला सुचेल ते लिहीत. ‘चपला जोडीने काढाव्या.’ ‘ओली छत्री सतरंजीवर ठेवणाऱ्यास आम्ही ओळखतो.’ कोण पास झालं, कोण गेलं, गाण्याच्या कार्यक्रमाला कुणाची पेटी मिळेल का, सगळं तिथे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. तिथे गुजराती शिकले, हिंदी शिकले. मराठी फक्त घरात बोलायची. मंडळात कोण काय करतं हे मला त्या आठ महिन्यांत कळलं तेवढं त्याआधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं.

अडचण एकच होती. मला सगळी अक्षरं हवी होती आणि बाई काही माझ्यासाठी लिहीत नव्हत्या. ‘ढ’ येईना. महिने गेले. आमच्या मंडळात ‘ढ’वरून काही घडतच नाही. शेवटी एका सकाळी ‘ढोकळा स्पर्धा’ आली आणि मी भर रस्त्यात स्कूटर आडवी घालून तीन फोटो काढले.

या आठ महिन्यांत मी बाईंशी एक शब्द बोलले नाही. अनोळखी माणसाशी मराठी बोलायचं म्हटलं की माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं आणि बाहेर येईपर्यंत त्यात दोन गुजराती शब्द शिरतात. त्यात समोर शिक्षिका. रोज उद्या विचारू म्हणायचं आणि पिशवी घेऊन निघायचं. पुढे पुढे इतके फोटो झाले, की आता विचारणं जास्त विचित्र दिसलं असतं.

सरांना रेखाटनं दाखवली तेव्हा ते ‘नाइस’ म्हणाले नाहीत. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. त्यांना सगळ्यात आवडल्या त्या मात्रा. इतर फाँटमध्ये मात्रा रेघेवर चांगल्या उंच जातात; यातल्या बसक्या होत्या, रेघेला जवळजवळ चिकटलेल्या. त्यामुळे ओळी एकमेकींजवळ लावता येत होत्या, आणि पाकिटं छापणारे याच गोष्टीसाठी जीव टाकतात. सर म्हणाले, हीच याची ओळख. त्यांनी विचारलं, फळा कुणाचा? मी म्हणाले, माहीत नाही.

का म्हणाले, ते सांगणं सोपं आहे. कुणाचा ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ‘विचारलंस का’ हा आला असता. मग फाँटबरोबरच्या पुस्तिकेत छापलं गेलं : ‘बडोद्यातल्या एका अनामिक फळ्यावरून.’ बाई कोणत्या गल्लीत राहतात आणि कोथिंबीर कुणाकडून घेतात, हे मला ठाऊक होतं.

फाँट बाहेर पडल्यावर पहिल्यांदा दिसला तो एका सेव-उसळच्या गाडीवर. ‘तिखट’ हा शब्द तिथे फार शोभत होता. मी तिखट खात नाही, तरी दोन प्लेट खाल्ल्या आणि संध्याकाळभर पाणी पीत राहिले. मग तो एका लोणच्याच्या पाकिटावर दिसला. मग गणिताच्या क्लासच्या जाहिरातीत, जिथे ‘हमखास यश’ इतकं धष्टपुष्ट होतं, की वाचूनच अभ्यास झाल्यासारखं वाटावं. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात एका दागिन्यांच्या दुकानाने तो सोनेरी करून लावला, झुरळं मारणाऱ्या कंपनीच्या टेम्पोवर तो लाल झाला. लग्नाच्या पत्रिकेत वधूवरांची नावं दोन पैलवानांसारखी समोरासमोर उभी राहिली. मी सगळ्यांचे फोटो काढले. कुणाला दाखवले नाहीत.

एकदाच वाईट वाटलं. मांडवीत आईची साडी फॉल लावून आणायला गेले होते. शेजारीच फ्लेक्स छापणाऱ्याचं दुकान. दारात बेसण्याचा बोर्ड वाळत होता. आमच्याकडे कुणी गेलं की एक वेळ ठरवून लोक भेटायला येऊन बसतात, ते बेसणं. हार घातलेल्या एका आजोबांचा फोटो आणि त्याखाली माझी अक्षरं, पोटं सुटलेली, जेवून उठलेली. आजोबांपेक्षा तीच खुशीत दिसत होती. मी धीर करून दुकानदाराला विचारलं, की यासाठी जरा सडपातळ फाँट नाही का चालणार. तो म्हणाला, “बेन, आ फोन्ट तो बधामां चाले छे. लग्न होय के मरण. दूरथी देखाय ने.” लांबून दिसावा म्हणून तर मी तो केला होता. मी साडी घेऊन घरी आले.

सेक्रेटरी काकांनी तो फाँट बघितला असणार तो याच दुकानात.

काकांचं ते बोलणं ऐकल्यावर त्या संध्याकाळी डबा हॉलच्या स्वयंपाकघरात ठेवून मी बाहेर स्कूटरवर नुसतीच बसून राहिले. बाईंची शाळा मुलं मिळेनाशी झाल्याने केव्हाच बंद झाली होती. त्यांच्या घरात त्या एकट्याच. ज्याची लोक थांबून वाट बघतात असं त्यांच्या दिवसात एकच काम उरलं होतं, सकाळचा फळा, आणि ते रविवारी जाणार होतं. काकांचा त्यात काही दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच बाईंची काळजी होती. माझा फाँट नसता तर मात्र त्यांना हे सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी न बांधता निघाले. रस्त्याच्या डेअरीकडच्या बाजूला न थांबता फाटकाच्या बाजूला थांबले. बाई दगडावर खडू घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आज तोंड उघडं?” त्या म्हणाल्या. “आणि दूध नको?”

मी पाठ केलेलं वाक्य विसरले. बाईंनी मला थंडीतच ओळखलं होतं. माझी स्कूटर त्यांना माहीत होती, माझी आई माहीत होती, मी पाचवीत असताना चित्रकलेच्या स्पर्धेत रंगपेटी उघडायची विसरून बसले होते हेही माहीत होतं. मग काही बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तू विचारशील म्हणून. रोज कोपऱ्यातून फोटो काढते, तर एक दिवस येईल पुढे. म्हटलं, बघू किती दिवस लावते.”

मग मी जे काही होतं ते तीन भाषांत सांगून टाकलं. फाँट, सर, पाकिटं, पुस्तिकेतलं अनामिक. बाईंनी मधे तोडलं नाही. त्यांनी तो फाँट पाहिला होता. भाचीने आणलेल्या लोणच्याच्या पाकिटावर. चष्मा लावून बघितलं आणि ‘लिंबाचे लोणचे’मधला ‘ल’ पाहून त्यांना वाटलं होतं, अगं बाई, ही तर मीच. पाकीट त्यांनी धुऊन ठेवलं होतं. एवढं सांगून त्या हसल्या, मग एकदम शिक्षिका झाल्या.

“बाकी ठीक काढलंयस. पण मात्रा अशा का? कुणी डोक्यावर टपली मारल्यासारख्या?”

मी म्हणाले, तुमच्याच आहेत. त्यांचा विश्वास बसेना. मी मोबाइल काढून फोटो दाखवले, एकामागून एक. आठ महिन्यांचा फळा. बाईंनी चष्म्यातून, चष्म्यावरून, सगळीकडून बघितलं. मग मोबाइल मला परत दिला आणि फाटकाकडे कुणी आहे का ते पाहिलं.

“हात जात नाही गं,” त्या म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वी आवाराला नवा रंग दिला, तेव्हा स्कूटरी घासू नयेत म्हणून फळा वर लावला होता. त्याच सुमारास त्यांचा उजवा खांदा धरला. रेघेपर्यंत हात पोचतो. त्याच्या वर गेला की कळ येते. म्हणून मात्रा जमेल तिथे संपवायच्या. त्यांना वाटत होतं, कुणाच्या लक्षात येत नाही. खरंच आलं नव्हतं. मंडळाला दिसलं नाही, आणि ज्या मुलीचा धंदाच अक्षरं बघायचा तिने ती शैली समजून जोडाक्षरं धरून आठशे अक्षरांवर बसवली.

“कशा असायच्या मग?” मी विचारलं.

बाई खाली वाकल्या. फाटकाच्या खांबावर, कमरेच्या उंचीला, ओल्या खडूने त्यांनी ‘मे’ लिहिला. खडू फिरताना मला फक्त त्यांचं मनगट दिसलं. खांबावर ओला डाग, बाकी काही नाही. आम्ही दोघी वाळायची वाट बघत उभ्या राहिलो. आधी पोट उजळलं, मग दंड, मग रेघ, आणि मग रेघेच्या वर मात्रा येऊ लागली. येतच राहिली. लांब, तिरकी, शेवटी जराशी वळून थांबलेली, वाऱ्याला लागलेल्या पताकेसारखी. मी केलेला फाँट माझ्या डोळ्यांदेखत डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसा उंच झाला.

मी म्हणाले, की हे सभेत सांगायला हवं. बाईंनी लगेच फडक्याने खांब पुसला. कुणाला सांगायचं नाही, त्या म्हणाल्या. खांदा दुखतो असं कळलं की हीच माणसं काळजीने घरी बसवतील, वर शाल देऊन सत्कार करतील. स्क्रीनचं त्यांना कळलेलं होतं. त्या म्हणाल्या, “चांगलंच आहे की. पावसात पुसला जाणार नाही.” आणि पुढच्या ओळीसाठी त्यांनी दुसरा तुकडा दगडावर घासायला घेतला, नेहमीपेक्षा बराच वेळ.

रविवारी मी दहाला हॉलवर पोचले. आईला आश्चर्य वाटलं. माझ्यासाठी तिने जागा मात्र कडेची धरली, कारण मी मधूनच निघून जाते हे तिला माहीत आहे. बाई दुसऱ्या रांगेत होत्या, हात मांडीवर ठेवून.

काकांनी स्क्रीन एका टेबलावर उभा केला होता. त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली : ‘सर्वांचे स्वागत असो.’ माझी गुबगुबीत अक्षरं, दोन फूट उंच, काळ्यावर पांढरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, अगदी बाईंसारखं. मागून एक काका म्हणाले, की बाईंसारखंच असेल तर स्क्रीन चहाची वेळ अकराच सांगणार, आणि सगळे हसले. बाईही हसल्या. सेक्रेटरी काकांनी मोठ्या आदराने त्यांना विचारलं, “बाई, तुम्हाला कसं वाटतं?” बाई म्हणाल्या, “चांगलं आहे.” त्यांनी मान खाली घालून पदराला लागलेला खडू झटकला.

मी स्क्रीनकडे बघत होते. इतकी मोठी मी माझी अक्षरं कधी बघितली नव्हती. ‘सर्वांचे’ मधली मात्रा रेघेवर आडवी पडल्यासारखी दिसत होती. स्टुडिओत ती शैली होती. इथे तो खांदा होता, आणि पन्नास माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

काकांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. माझा हात अर्धा वर गेला. काकांनी तो पाहिला आणि कुणाला तरी पंखा कमी करायला सांगितलं. पंखा कमी झाला. माझा हात अजून तिथेच होता.

“बोल ने,” आई हळूच म्हणाली. बहुतेक तिलाच बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

मी उभी राहिले. माझ्या मागची खुर्ची पडली आणि ती उचलून ठेवण्यात जितका वेळ घालवता येईल तितका घालवला. सगळे माझ्याकडे वळले होते, बाई सोडून. त्या सरळ समोर बघत होत्या आणि मला दिसत होतं, की त्या श्वास धरून आहेत. मी खांद्याचं काही बोलणार नव्हते. पण हे त्यांना माहीत नव्हतं.

“हा फाँट मी केलाय,” मी म्हणाले. आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले. “मी केलाय, बाईंच्या फळ्यावरून. त्यांना न विचारता. पुस्तिकेत मी अनामिक असं लिहू दिलं, ते खोटं आहे, ते मी बदलून घेणार आहे.”

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काका म्हणाले, अरे वा, आपलीच मुलगी, मग तर स्क्रीन लावायलाच हवा. माझं वाक्य संपलं नव्हतं, आणि यावेळी ते डोक्यात इंग्रजीत तयार होत नव्हतं.

“नको, काका. फाँट चुकलाय. यातल्या मात्रा बरोबर नाहीत, मी नीट बघितल्या नाहीत. त्या दुरुस्त करायच्या तर मला बाईंच्या मात्रा पुन्हा पहिल्यापासून बघाव्या लागतील, रोज, निदान वर्षभर. स्क्रीन पाहिजे तर हॉलमध्ये लावा. फळा तिथेच राहू दे. फक्त एक फूट खाली घ्या.”